१३ वर्षं, ६१,४०० किलोमीटर: मामांच्या व्हेरिटोचा टायमिंग बेल्ट

मे २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मामांचा फोन आला. "अगं, ताईचं बाळंतपण जूनमध्ये आहे. गाडी घेऊन डोंबिवलीला जायचं ठरवलंय. सर्व्हिसिंगला टाकली तर मिस्त्री म्हणतो टायमिंग बेल्ट एकदा बघून घ्या. ६१,००० ला कुठे बेल्ट बदलतात का?"

गाडी महिंद्रा व्हेरिटो, १.५ डिझेल, जून २०१२ ची, पहिलाच मालक. आमच्या घरात या गाडीला वेगळा मान आहे, कारण ती नाशकातच तयार झालेली. महिंद्रा आणि रेनो यांनी मिळून २००७ मध्ये लोगन आणली ती इथल्याच कारखान्यातून. २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली आणि २०११ पासून तीच गाडी व्हेरिटो नावाने विकली गेली. इंजिन मात्र रेनोचंच राहिलं: १,४६१ सीसीचं, पुढे डस्टरमध्येही आलेलं. मामा पंचवटीत राहतात. नोकरीत असताना ड्युटीला बसने जायचे, त्यामुळे गाडी फिरली कमीच. मालेगाव स्टँड, रविवार कारंजा, द्वारका, आणि वर्षातून दोनदा वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला.

मी अंबडला रबरी सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीचं काम करते. गाड्यांची मी मिस्त्री नव्हे, पण रबर कसं म्हातारं होतं हे रोज बघते, आणि टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला दातेरी रबरी पट्टाच. म्हणून तो फोन मला आला. त्यानंतरच्या दोन आठवड्यांत निर्णय दोनदा फिरला. तो का फिरला, ते इथे नीट लिहून ठेवते.

चार जणांची चार मतं

पहिला मिस्त्री नेहमीचा. त्याने बेल्टचं वरचं प्लास्टिक कव्हर काढून टॉर्च मारला आणि सांगितलं, "बेल्ट काळाभोर आहे, चिरा नाहीत, अजून ३०,००० आरामात जाईल. बदलायचाच असेल तर नुसता बेल्ट टाकू, ५,००० मध्ये काम होईल." दुसऱ्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच विचारलं, "गाडी कोणत्या सालची?" २०१२ म्हटल्यावर म्हणाला, "पूर्ण किट, म्हणजे बेल्ट आणि तो ताणून धरणारा टेन्शनर, आणि वर वॉटर पंप. नुसता बेल्ट मी टाकणार नाही." खर्च त्याने १५,००० च्या आसपास सांगितला.

शेजारच्या काकांचं म्हणणं तिसरंच. त्यांची स्विफ्ट डिझेल दोन लाखांच्या पुढे गेली, बेल्ट कधी बदललाच नाही. त्यांचं खरं होतं, कारण त्या १.३ लिटरच्या इंजिनात बेल्ट नाहीच, साखळी आहे. एकाच्या गाडीचा अनुभव दुसऱ्याच्या गाडीला लावताना हा घोळ फार होतो. साखळी सैल झाली की सकाळी गाडी चालू करताना खडखडते, ऐकणाऱ्याला वेळेवर कळतं. बेल्ट आवाज करत नाही. आदल्या दिवशीपर्यंत गाडी लोण्यासारखी चालते. "आवाज यायला लागला की बघू" हे साखळीच्या बाबतीत निदान अर्धं तरी बरोबर आहे, बेल्टच्या बाबतीत अजिबात नाही.

चौथं मत मामांचं. "गाडी विकायला काढली तर सव्वा लाख येतील. तिच्यावर पंधरा हजार कशाला घालायचे? जून २०२७ ला १५ वर्षं होतात, आरसी संपते. तोवर तर चालेल."

सुरुवातीला मीही मामांच्या बाजूची होते. मॅन्युअल उघडलं तर किलोमीटरचा आकडा अजून पुढे होता. पण त्याच ओळीत वर्षांचाही आकडा होता आणि तो कधीच मागे पडला होता. दोन्हींपैकी जे आधी होईल ते. आपल्याकडे दुचाकीपासून ट्रकपर्यंत सगळं किलोमीटरवर मोजायची सवय आहे. वर्षांचा रकाना कोणी वाचत नाही.

बेल्ट कशाकशाला बांधलेला आहे

आधी हे समजून घेऊ, कारण सगळा निर्णय यावरच उभा आहे. क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरतो, पिस्टन वरखाली होतात. व्हॉल्व्ह, म्हणजे हवा आत घेणारी आणि धूर बाहेर सोडणारी झाकणं, उघडमीट करणारा कॅम वर हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात, असतो. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एक फेरी व्हायला हवी, दाताला दात लावून, एवढंच टायमिंग बेल्टचं काम. इंजिन ३,००० आरपीएमवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. डिझेल इंजिनात हवा खूप दाबावी लागते, म्हणून पिस्टन अगदी वर येतो तेव्हा तो आणि हेड यांच्यात एखाद्या मिलिमीटरचीच जागा उरते. बेल्ट तुटला तर कॅम जागच्या जागी थांबतो, उघडे व्हॉल्व्ह उघडेच राहतात आणि चालत्या गाडीच्या जोराने पिस्टन त्यांच्यावर आदळतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी मोडून आत पडतात. मग हेड उतरवावं लागतं.

या इंजिनात त्याच बेल्टवर आणखी दोन गोष्टी फिरतात: डिझेलचा हाय प्रेशर पंप आणि वॉटर पंप. म्हणजे वॉटर पंपाचा बेअरिंग अडकला तरी मार बेल्टलाच. पंपातून कूलंट झिरपलं तर तेही बेल्टवरच. क्रँकच्या पुढच्या सीलमधून ऑइल आलं तर रबर फुगून मऊ पडतं आणि दात सुटतात. पहिल्या मिस्त्रीचा "नुसता बेल्ट टाकू" हा सल्ला मला इथेच खटकला. १३ वर्षांचा टेन्शनर आणि १३ वर्षांचा पंप तसाच ठेवून नवा बेल्ट घालायचा म्हणजे जुन्या कुजक्या खांबाला नवा दोर बांधायचा. त्यात मजुरी दोन्हीकडे तीच. पंप दोन वर्षांनी गेला तर तेवढंच सगळं पुन्हा उघडायचं.

आणि घाटाचा मुद्दा. ब्रेक हलका लागतो तो व्हॅक्युममुळे. या इंजिनात व्हॅक्युम पंप कॅमच्या टोकावर बसवलेला आहे. कॅम थांबला की व्हॅक्युम थांबतं. पेडलला मदत करणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्युमवर ब्रेक दोन-तीनदा नीट लागतो, मग पेडल दगड होतं. इंजिन बंद म्हणून पॉवर स्टिअरिंगही जड. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा तेव्हा खुला झाला नव्हता, तो ५ जून २०२५ ला झाला. मामा निघणार होते त्याआधी, कसारा घाट उतरून, मागे मामी आणि मुलीसाठी डिंकाच्या लाडवांचे डबे. हे चित्र डोळ्यांपुढे आलं आणि माझं मत पहिल्यांदा फिरलं.

मामांनी स्वतःच घातलेला हिशेब

पण मामांना भीती घालून काही मान्य करवता येत नाही, आणि ते बरोबरही आहे. मामा ओझरच्या एचएएलमध्ये (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) होते, मिग विमानांच्या ओव्हरहॉलवर. मी त्यांना एकच विचारलं, "मामा, तिथे रबरी होजचं आयुष्य तुम्ही कशावर मोजत होता?"

"तासांवर. आणि कॅलेंडर लाइफ वेगळं. विमान हँगरमध्ये उभं असलं तरी तारीख आली की होज काढायचाच." एवढं बोलून ते थोडा वेळ गप्प बसले. मग वहीच घेऊन आले.

तो हिशेब मला फार आवडला, म्हणून तसाच देते. विमानाच्या इंजिनाचे तास मोजतात, गाडीचे आपण किलोमीटर मोजतो. गाडी शहरात फिरली, तर द्वारकेच्या गर्दीत, सिग्नलवर, शाळा सुटायच्या वेळी गंगापूर रोडला अडकून, सगळं धरून सरासरी वेग ताशी २५ पडला असं मानू. ६१,४०० भागिले २५, म्हणजे साधारण २,४५० तास. तीच गाडी कुणी धुळे-मुंबई हायवेवर ताशी ६० च्या सरासरीने चालवली असती तर १,०२० तास. मीटर तोच, पण मामांच्या बेल्टने जवळजवळ अडीच पट वेळ गरम बॉनेटखाली फिरून काढला होता. "म्हणजे हायवेच्या भाषेत ही गाडी ६१,००० ची नाहीच," मामा म्हणाले, "ती दीड लाखाची आहे." बेल्टच्या फेऱ्या तासांच्याच पटीत वाढत नाहीत, शहरात आरपीएम कमी असतो, त्यामुळे दीड लाख हा आकडा मी थोडा खाली ओढेन. तरी दिशा बरोबर होती.

तासांच्या पलीकडे मग वर्षं. टायमिंग बेल्टचं रबर साधं नसतं. आजकालचे बहुतेक बेल्ट एचएनबीआर रबराचे असतात, उष्णता आणि ऑइल सोसणारे. आत काचेच्या तंतूंचे दोर असतात, कारण काच ताणली जात नाही, आणि दातांवर नायलॉनचं कापड. रबर उभ्या गाडीतही ऑक्सिजनमुळे हळूहळू कडक होतच असतं. आमच्या प्रयोगशाळेत आम्ही ओव्हनमध्ये नमुने ठेवून हेच बघतो. ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढलं की म्हातारं होण्याचा वेग सुमारे दुप्पट. नाशिकच्या उन्हाळ्यात ४० अंशांना अंगणात उभी केलेली गाडी, तीत नुकतंच बंद केलेलं गरम इंजिन, वर बंद बॉनेट. वारा नाही, पंखा नाही. लहान लहान फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या नशिबी हे दिवसातून चारदा येतं.

डोळ्यांनी बघण्याबद्दलही इथेच सांगते, कारण बहुतेक लोक याच जागी फसतात. वरचं कव्हर काढून बेल्टचा छोटासा तुकडा दिसतो, तोही पाठीकडून. चिरा, फाटलेली कड, चकाकी, ऑइल, तुटका दात, यांतलं काही दिसलं तर बेल्ट वाईट आहे हे नक्की. पण काही दिसलं नाही तर बेल्ट चांगला आहे असं म्हणता येत नाही. जुने बेल्ट पाठीवर भेगाळायचे. एचएनबीआर बेल्ट वरून काळेभोर दिसतात आणि आतल्या काचेच्या दोरांची ताकद वाकून वाकून गेलेली असते. पहिल्या मिस्त्रीने खोटं सांगितलं नव्हतं. त्याने जे पाहिलं त्यावरून ३०,००० चा अंदाज निघूच शकत नव्हता.

आता पैसे. मामांचा युक्तिवाद होता, सव्वा लाखाच्या गाडीवर १५,००० जास्त होतात. मी दुसऱ्या गॅरेजला हेडकामाचा अंदाज विचारला. व्हॉल्व्ह, गॅस्केट, हेड फेसिंग, मजुरी आणि वर हेच बेल्ट किट धरून त्याने किमान ६०,००० सांगितले, पिस्टनला मार बसला नसेल तर. सव्वा लाखाच्या गाडीवर ६०,००० कोण घालेल? कोणीच नाही. म्हणजे बेल्ट तुटला की ही गाडी भंगारातच जाणार. गाडी स्वस्त आहे हे बेल्ट न बदलण्याचं कारण म्हणून पुढे केलं होतं, आणि उलट तेच बदलण्याचं सगळ्यात मोठं कारण निघालं. महाग गाडी दुरुस्त तरी होते.

आरसी जून २०२७ पर्यंत म्हणजे २५ महिने. १४,८०० भागिले २५ केलं तर महिन्याला ५९२ रुपये. पुढे फिटनेस तपासून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवली, हरित कर भरला, तर तो आकडा आणखी खाली येतो.

मामींनी एक रास्त प्रश्न विचारला: "आणि दिवाळीत विकूनच टाकली तर?" माझं उत्तर तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे. विकायची असेल तर आजच विका आणि घेणाऱ्याला बेल्टचं खरं सांगून विका. घाट उतरायचा असेल तर बदला. पाच महिने तशीच रेटून पुढच्याच्या गळ्यात मारणं मला पटत नाही, कारण त्या पुढच्याच्या मागच्या सीटवरही कोणीतरी बसणार आहे.

दुसऱ्यांदा अडलं ते दुकानात

निर्णय झाला, किट आणायला मी आणि मामा द्वारकेजवळच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलाने बेल्ट काढला तो खोक्याशिवाय, घडी घालून रबर बँड लावलेला. नाव मोठ्या कंपनीचं छापलेलं होतं, किंमत अर्धी. मी तो हातातही घेतला नाही. काचेचे तंतू चुरगळले की तुटतात, वरून काही दिसत नाही. नव्या बेल्टला तीव्र घडी घालायची नाही, पिळायचं नाही, उलटा वळवायचा नाही, हे बेल्ट बनवणारे खोक्यावरच लिहितात. खोकं नाही, त्यावरची तारीख नाही, तर तो बेल्ट नवा आहे की सहा वर्षं माळ्यावर पडलेला, हेही कळायला मार्ग नाही. मामा तिथेच वैतागले. "राहू दे मग, ट्रेननेच जाऊ." तीन दिवस विषय बंद होता.

शेवटी दुसऱ्या गॅरेजवाल्याने गाडीचा चॅसिस नंबर देऊन बंद खोक्यातलं किट मागवून दिलं. एकाच इंजिनाच्या वेगवेगळ्या गाड्यांत टेन्शनर आणि पंप वेगळे निघू शकतात, म्हणून "डस्टरचंच बसतं" यावर न जाता नंबर देणं बरं.

उघडल्यावर काय निघालं

काम २२ मे रोजी झालं, सकाळी नऊ ते दुपारी तीन. मामा पूर्ण वेळ स्टुलावर बसून होते. या गाडीत बेल्ट काढायला इंजिनला खालून जॅक लावून उजव्या बाजूचं माउंटिंग सोडवावं लागतं. क्रँक आणि कॅम दोन्ही पिना घालून जागेवर लॉक केले. खुणा रंगवून अंदाजाने बेल्ट चढवणारे पुष्कळ आहेत, पण एका दाताचा फरक पडला तरी गाडी नीट ओढत नाही, जास्त पडला तर पहिल्याच चावीला नुकसान. गॅरेजवाल्याकडे पिना होत्या, हे मी आधीच विचारून घेतलं होतं. गॅरेज निवडताना मी हा एक प्रश्न दरापेक्षा वरचा मानते.

जुना बेल्ट हातात आला तेव्हा पाठीकडून खरोखरच चांगला दिसत होता. मी तो उलटा वाकवला. दातांच्या मुळाशी केसासारख्या चिरा, एक सोडून एक दातावर. टेन्शनर बोटाने फिरवला तर खरखर लागली. वॉटर पंपाच्या झिरपायच्या भोकाखाली कूलंट वाळून पडलेला पांढुरका ओघळ होता. थोडंसंच, रोज पाणी तपासणाऱ्यालाही जाणवणार नाही इतकं.

पण मला खरी धडकी भरली ती बाहेरच्या बेल्टमुळे, म्हणजे अल्टरनेटर आणि एसी फिरवणाऱ्या पट्ट्यामुळे. त्याच्या कडेचा एक धागा सुटून बोटभर लोंबत होता. रेनोच्या या घराण्यातल्या इंजिनांत हा धागा क्रँक पुलीच्या मागून टायमिंग कव्हरमध्ये ओढला जाऊ शकतो आणि नव्याकोऱ्या टायमिंग बेल्टखाली जाऊन दात उडवू शकतो. आम्ही टायमिंग बेल्ट बदलून हा पट्टा तसाच ठेवला असता तर सगळा खर्च वाया जाऊ शकला असता. तो आणि त्याचा टेन्शनर यादीत नव्हते, तिथेच घातले.

बिल असं झालं: टायमिंग किट ५,९००, वॉटर पंप २,६००, बाहेरचा पट्टा आणि टेन्शनर १,९५०, कूलंट ९५०, क्रँक पुलीचा नवा बोल्ट आणि किरकोळ ३००, मजुरी ३,१००. एकूण १४,८००. पुलीचा बोल्ट आधी ठरावीक टॉर्कला आणि मग कोनाने आवळतात, तो ताणलेला असतो, म्हणून जुना परत वापरला नाही. पिना काढल्यावर गॅरेजवाल्याने क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवला आणि पिना पुन्हा घालून पाहिल्या. सहज बसल्या. मामांनी तेव्हा पहिल्यांदा मान हलवली.

२९ मे रोजी ते दोघं कसारा उतरून डोंबिवलीला पोचले. जाताना पाऊस होता.

जुना बेल्ट मामांनी टाकू दिला नाही. तो न मोडता, गोल ठेवून, गॅलरीत खिळ्याला टांगला आहे. ग्लव्ह बॉक्समध्ये त्यांनी जाड पुठ्ठ्याचं एक कार्ड ठेवलंय, ओझरच्या लॉग कार्डसारखे रकाने आखून: भाग, बसवल्याची तारीख, किलोमीटर, पुढची तारीख. पहिल्या ओळीत टायमिंग बेल्ट, २२-५-२०२५, ६१,४१२, आणि शेवटच्या रकान्यात फक्त मे २०३०. किलोमीटरची जागा त्यांनी मुद्दाम मोकळी ठेवली, म्हणाले ते आधी येणारच नाहीत.

जुलैमध्ये मी पंचवटीला गेले तेव्हा मामा डिकी उघडून स्टेपनीवर वाकले होते. कधीच रस्त्याला न लागलेली, नव्या टायरवरचे रबरी केस तसेच्या तसे उभे. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार आकड्यांवर त्यांनी बोट ठेवलं. १६१२. म्हणजे २०१२ चा सोळावा आठवडा.

"हिची पण ओळ घालायची ना कार्डात?" त्यांनी विचारलं आणि खिशातून पेन काढलं.